परदेशी यंत्र, घरची वीज आणि सामर्थ्याचा प्रश्न

एका देशात बिनतक्रार चालणारे विजेचे उपकरण दुसऱ्या देशातल्या घरात कधी चालतच नाही, कधी मंद चालते, तर कधी जळून जाते. उपकरणात काही बदललेले नसते. तारेचे वेटोळे तेच, मोटर तीच, बटणही तेच. मग काम करण्याचे जे सामर्थ्य त्यात होते ते गेले कुठे? ते मुळात त्या वस्तूत होते का? वायरमन याचे उत्तर व्होल्टेज आणि प्लग यांच्या भाषेत देतो, आणि ते बरोबरच असते. पण प्रश्नाचा उरलेला भाग, म्हणजे सामर्थ्य वस्तूत असते की वस्तूच्या भोवती, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घासून पाहिलेला आहे. त्या वादातली उदाहरणे चूल, बी-बियाणे आणि काठी यांची असल्यामुळे आदिलाबादसारख्या शेतीच्या जिल्ह्यात ती परकी वाटण्याचे कारण नाही.

आदिलाबाद हा पैनगंगेच्या दक्षिण काठचा, कापसाचा जिल्हा. नदीपलीकडे यवतमाळ, पश्चिमेला नांदेडचा किनवट. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून काढून मराठी मुलखाला जोडले गेले, तरी बेला, जैनथ, तामसी या भागांत मराठी घराघरांत राहिली. २०१६मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. निर्मल, जगतियाल, निजामाबाद, करीमनगर या उत्तर तेलंगणाच्या पट्ट्यातून आखातात मजुरीला जाण्याची वाट १९७०च्या दशकातल्या तेलाच्या भाववाढीनंतर रुंद होत गेली. पुढच्या पिढीत हैदराबादमार्गे अमेरिकेची वाट निघाली. परतणाऱ्याच्या सामानात इस्त्री, मिक्सर, किटली, एके काळी टू-इन-वन आणि व्हीसीआर असे काही ना काही असतेच. त्यातले काही स्वयंपाकघरात रुळते, काही माळ्यावर जाते. असे का होते, हे आधी यंत्राच्या बाजूने पाहिले पाहिजे.

परक्या यंत्राची विसंगती तीन प्रकारची असते. पहिली आकाराची. संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान येथे भिंतीतला सॉकेट चपट्या तीन पिनांचा असतो, भारतात गोल पिनांचा. या देशांतली वीज मात्र २३० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे जवळपास भारतासारखीच. तिथली किटली प्लग बदलला की आदिलाबादेत निमूट चालते. दुसरी विसंगती दाबाची. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची असते, भारतात २३०ची. तापणाऱ्या तारेत शक्तीचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १२० व्होल्टसाठी बनवलेली १००० वॉटची इस्त्री २३०वर लावली तर साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहते आणि थोड्याच वेळात जळते. उलट भारतीय किटली अमेरिकेत नेली तर पाऊण शक्ती गमावते आणि पाणी उकळायला जवळजवळ चौपट वेळ लावते. तिसरी विसंगती ठेक्याची. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला किती आवर्तने करतो, तो आकडा भारतात ५० आहे, अमेरिकेत आणि सौदी अरेबियात ६०. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, तेव्हापासून पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०. आकाराची अडचण अडॅप्टरने सुटते, दाबाची ट्रान्सफॉर्मरने. ठेका मात्र ट्रान्सफॉर्मरला बदलता येत नाही.

यातल्या पहिल्या विसंगतीचा इतिहास ‘परदेशी’ या शिक्क्याबद्दल थोडे सावध करतो. भारतात ज्याला आपला साधा थ्री-पिन म्हणतात तो गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश आहे. ब्रिटनने १९४७मध्ये चपट्या पिनांचे, आत फ्यूज असलेल्या प्लगचे नवे मानक आणले आणि हळूहळू गोल पिना सोडल्या. भारताने त्या ठेवल्या. आखाताने ब्रिटनचा नवा प्लग घेतला. म्हणजे कुवेतहून आलेली किटली आणि बेल्याच्या घरातला बोर्ड हे एकाच घराण्याच्या दोन पिढ्या आहेत, आणि त्यांच्यात न जुळणारे जे आहे ते देशी-विदेशीचे नाही, सालाचे आहे.

आता दर्शनांकडे. वाक्याचा अर्थ कळायला काय लागते, याच्या चर्चेत न्यायशास्त्र तीन अटी सांगते: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, ते जवळ हवेत, आणि त्यांच्या अर्थांत परस्परांना पेलण्याची पात्रता हवी. ‘तो विस्तवाने शिंपतो’ हे नैयायिकांचे ठरलेले उदाहरण आहे. व्याकरण बिनचूक, शब्द शेजारीशेजारी, पण विस्तवाला शिंपणे पेलत नाही, योग्यता नाही. अडॅप्टर लावून १२० व्होल्टची इस्त्री २३०च्या बोर्डात घालणे हे नेमके असले वाक्य आहे. पिना बसतात, बटण दाबले जाते, सगळे जुळल्यासारखे दिसते, आणि जुळलेले काहीच नसते. अडॅप्टर आकांक्षा आणि संनिधी पुरवतो, योग्यता पुरवत नाही. ज्याला प्लग मुळीच बसत नाही तो माणूस थांबून विचार करतो. ज्याला अडॅप्टर मिळतो तो करत नाही. घरातली बरीच यंत्रे यामुळेच जळतात.

सामर्थ्याचा खरा वाद मीमांसक आणि नैयायिक यांच्यात झाला. मीमांसकांच्या मते वस्तूत शक्ती नावाचे काही वेगळेच, डोळ्यांना न दिसणारे असते. त्यांचा पुरावा असा: अग्नीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर तो जाळत नाही. अग्नी दिसतो तसाच आहे, हात तोच आहे, तरी दाह नाही. म्हणजे दिसणाऱ्या अग्नीखेरीज आत काहीतरी होते आणि मण्याने ते नष्ट केले. ते काहीतरी म्हणजे शक्ती. असा मणी कुणी पाहिला होता का, हा प्रश्न बाजूला ठेवून दोन्ही पक्षांनी उदाहरण मान्य केले, ही त्या काळच्या वादाची शिस्त होती. दहाव्या-अकराव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले. कार्य एका कारणाने होत नाही, कारणांच्या सामग्रीने होते, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही त्या सामग्रीचाच एक घटक आहे. मणी आला म्हणजे तो अभाव गेला, सामग्री अपुरी झाली, म्हणून दाह झाला नाही. अग्नीतून काही हरवलेले नाही आणि वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही.

परदेशी यंत्राच्या बाबतीत उदयनाचार्यांचे उत्तर जास्त पटते, आणि त्याची परीक्षा घेता येते. कुवेतच्या २४० व्होल्टच्या किटलीवर २००० वॉट लिहिलेले असते. गावाच्या टोकाला, डीपीपासून लांबच्या घरात, शेतीपंप सुरू असताना दाब १८०पर्यंत उतरला तर तीच किटली ११२५ वॉटवर येते. पंप बंद झाले, दाब चढला, की किटली पुन्हा आपल्या जागी. मधल्या वेळात तिची शक्ती नष्ट झाली होती आणि परत आली असे म्हणण्यापेक्षा सामग्री उणी झाली होती असे म्हणणे सरळ आहे. तेलंगणात १ जानेवारी २०१८पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे, त्यामुळे पंप केव्हा चालतील आणि केव्हा नाही हे घड्याळ पाहून सांगता येत नाही. किटलीच्या पाटीवरचा आकडा हा शेजाऱ्याच्या विहिरीवरही अवलंबून असतो. जळालेल्या इस्त्रीची गोष्ट वेगळी. तिथे सामग्री पुरी करूनही काही होणार नाही, कारण वस्तूच मोडली. ‘चालत नाही’ या दोन शब्दांत लोक या दोन्ही अवस्था कोंबतात, आणि जी नुसती अडून बसली होती ती यंत्रे भंगारात जातात.

याच वादाची दुसरी फेरी बौद्धांशी झाली आणि ती अधिक तिखट आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने अस्तित्वाची कसोटीच बदलली: जे काही कार्य करते तेच खरोखर आहे. पुढे विक्रमशिलेच्या ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती यांनी या कसोटीवरून क्षणभंगवादाची, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी असते या मताची, सविस्तर मांडणी केली, आणि वादाच्या मध्यभागी कणगीतले बी आणि शेतातले बी होते. कणगीतले बी अंकुर देत नाही. त्यात सामर्थ्य असते तर त्याने लगेच दिला असता, कारण समर्थ असून वाट पाहणे हा विरोध आहे. शेतातले बी अंकुर देते. जे समर्थ नाही आणि जे समर्थ आहे ते एक कसे असेल? म्हणून कणगीतले बी वेगळे, मातीत क्षणोक्षणी बदलत गेलेले आणि शेवटी अंकुरणारे बी वेगळे. त्या शेवटच्या बीच्या ‘करत असलेल्या’ रूपाला ते कुर्वद्रूप म्हणत. या मताने पाहिले तर शिकागोत घरघरणारा मिक्सर आणि आदिलाबादच्या माळ्यावर खोक्यात पडलेला मिक्सर या दोन वस्तू आहेत. मालकाला एकच वाटतो तो सवयीने.

नैयायिक इथेही सामग्रीवर येतात, पण एक बारीक भेद करून. स्वरूपाने योग्य असणे निराळे आणि प्रत्यक्ष फळ देणे निराळे. रानात पडलेली काठी कुंभाराच्या चाकाला कधी लागली नाही तरी घडा घडवण्यास ती योग्यच असते. माळ्यावरचा मिक्सर म्हणजे ही रानातली काठी. त्याला १२० व्होल्ट देणारा पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर जोडला की तो वाटण करू लागतो, कारण मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला ५० आणि ६०च्या फरकाने विशेष अडत नाही. बियाणाचा हंगाम चुकला म्हणून ते बियाणे नव्हतेच, असे कापसाच्या मुलखात कुणी म्हणणार नाही.

तरीही बौद्ध पक्ष इतक्या सहज मोडीत निघत नाही. अडचण ठेक्याची आहे. अमेरिकेतले जुन्या पद्धतीचे, विजेच्या आवर्तनांवर चालणारे घड्याळ घ्या. योग्य ट्रान्सफॉर्मर लावून ते भारतात चालवले तर ते थांबत नाही, जळत नाही, काटे फिरत राहतात. फक्त तासाला दहा मिनिटे मागे पडते, म्हणजे दिवसाला चार तास. इथे कार्य थांबलेले नाही, दुसरेच कार्य होऊ लागले आहे. ही सामग्रीची उणीव म्हणावी, तर काटे फिरायला काही उणे नाही. वेळ दाखवणे हेच घड्याळाचे कार्य मानले तर ५० हर्ट्झच्या देशात ते घड्याळ उरत नाही, आणि सीमा ओलांडताना त्याला कुणी हातही लावलेला नसतो. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या सौदी फ्रिजची मोटर ५०वर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि तितक्याच दाबावर तिचा लोखंडी गाभा अधिक तापतो. थंड करायला ठेवलेले यंत्र स्वतः ऊन होत जाते. धर्मकीर्तीची कसोटी अशा ठिकाणी जास्त प्रामाणिक वाटते. वस्तूचे नाव तिच्या कार्यावरून पडलेले असेल, तर कार्य बदलल्यावर नाव पूर्वीचेच चालू ठेवणे ही सोय आहे, सत्य नव्हे.

ठेक्याचा प्रश्न परदेशापुरता मर्यादितही नव्हता. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर वीज ५० हर्ट्झचीच, पण उत्तरेचे यवतमाळ पश्चिमी ग्रिडवर आणि दक्षिणेचे आदिलाबाद दक्षिणी ग्रिडवर होते, आणि दोन्ही ग्रिडांची लय आपापली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली तेव्हा दक्षिणी ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आले. तोवर वीज इकडून तिकडे न्यायची तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या केंद्रात प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश करायचा, मग दुसऱ्या ग्रिडच्या लयीत पुन्हा प्रत्यावर्ती करायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. किनवटहून आदिलाबादला आणलेल्या पंख्याला यातले काहीच कळत नसे. मोबाइलचा चार्जर हेच काम लहान प्रमाणात करतो. १०० ते २४० व्होल्ट, ५० किंवा ६० हर्ट्झ, जे मिळेल ते आधी एकदिश करून घेतो आणि मग स्वतःला हवे तसे घडवतो. ज्या सहकारी कारणांसाठी इस्त्रीला देशावर अवलंबून राहावे लागते ती चार्जरने पोटात घेतली आहेत. सामर्थ्य वस्तूत असते असे म्हणण्याच्या सर्वांत जवळ जाणारे घरातले यंत्र हेच, आणि तेही भिंतीतल्या विजेवाचून निर्जीवच.

या निमित्ताने प्रवचनांतल्या एका लाडक्या दृष्टांताची तपासणी व्हायला हवी. बल्ब निरनिराळे, वीज एक, तसे देह निरनिराळे आणि आत्मा एक, असे सांगितले जाते. अद्वैताचा उपाधीचा सिद्धांत त्यातून चटकन कळतो, म्हणून तो टिकला. पण वीज सर्वत्र एक नाही. तिला दाब आहे, ठेका आहे, देश आहे, आणि एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या बल्बला मारून टाकते. आत्म्याला निर्विशेष म्हणणाऱ्या मताला हा दृष्टांत आधार देत नाही, उलट गोत्यात आणतो. घड्यातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच, हा घटाकाशाचा जुना दृष्टांत या बाबतीत सुरक्षित आहे. आकाशाला व्होल्टेज नसते.

धर्माच्या व्यवहारात मात्र जागेशी बांधलेले सामर्थ्य आणि जागा बदलूनही टिकणारे सामर्थ्य ही दोन्ही रूपे या परिसरात शेजारी नांदतात. इंद्रवेल्ली भागातल्या केस्लापूरच्या नागोबाला मेस्राम कुळातले गोंड लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि पुष्य अमावस्येला महापूजा करतात. देव हलत नाही. पाणी, तिथी आणि कुळ त्याच्याकडे येतात, महाराष्ट्रात राहणारे मेस्रामही येतात. ही पूर्ण सामग्रीची पूजा आहे. याउलट महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या संबंधाने पावन झालेल्या स्थळांचे पाषाण जपून वंदिले जातात, आणि ते पाषाण भक्ताबरोबर कुठेही जाऊ शकतात. संबंध एकदा घडला तो घडला. मराठी घरांतले देवांचे टाकही असेच मस्कतला जाऊन परत येतात आणि त्यांना अडॅप्टर लागत नाही. यंत्राची तुलना नागोबाशी होईल, टाकाशी नाही. यंत्रपूजेचा दिवस असलेल्या खंडेनवमीला माळ्यावरचा मिक्सर कुणी खाली काढत नाही, यात लोकांचे अबोल मत दिसते: पूजा चालत्या सामग्रीची.

इथवर प्रश्न वस्तूचा होता. सामर्थ्य सामग्रीत असेल तर अपायही सामग्रीतच असणार, आणि त्या सामग्रीत यंत्र लावणारा माणूस मोडतो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने, म्हणजे पंचसूना, सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. वापरताना नकळत जीव मरतात, म्हणून रोजचे पाच महायज्ञ हे त्यावर प्रायश्चित्त. आज त्या पाचांपैकी बहुतेकांच्या जागी विजेची यंत्रे आली आहेत, आणि हिंसेची शक्यता मुंगीवरून माणसावर आली आहे. परदेशी यंत्राचा प्लग कापून नुसत्या तारा सॉकेटमध्ये काडीने दाबणे, चपट्या पिनांच्या सॉकेटचा पडदा उघडावा म्हणून वरच्या भोकात पेन खुपसणे, तिसरी पिन आड येते म्हणून तोडून टाकणे हे प्रकार सर्रास होतात. तिसरी पिन लांब असते ती शोभेसाठी नाही: ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी, म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला माणसाऐवजी जमिनीची वाट मिळावी. पंचसूनांचे पाप अटळ मानले होते, म्हणून त्याला प्रायश्चित्त होते. अर्थिंग तोडण्याचे अटळ नाही. त्याची गणना नकळत घडलेल्या दोषांत करणे कठीण आहे.

न चालणाऱ्या यंत्राचे पुढे काय करावे, हाही धर्मशास्त्रात बसणारा प्रश्न आहे, कारण ते बहुधा कुणाला तरी देऊन टाकले जाते. कठोपनिषदाची सुरुवात अशाच दानाने होते. वाजश्रवस यज्ञात ज्या गाई देत होता त्यांचे पाणी पिऊन झाले होते, चारा खाऊन झाला होता, दूध आटले होते, आणि हे पाहून मुलगा नचिकेत अस्वस्थ झाला. दान झाले, घेणाऱ्याला काही मिळाले नाही, उलट पोसण्याचा भार मिळाला. आखातातून किंवा अमेरिकेतून आलेला माणूस पुतण्याला, मेव्हणीला, घरी काम करणाऱ्या बाईला यंत्र देतो तेव्हा हीच कसोटी लागते. कुवेतची किटली भारतीय प्लग बसवून दिली तर ते पुरे दान आहे. अमेरिकन मिक्सर द्यायचा तर त्याच्या वॉटपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर सोबत द्यावा, नाहीतर घेणाऱ्याचा पहिला वापर हाच शेवटचा ठरतो. अमेरिकन इस्त्रीला लागणारा ट्रान्सफॉर्मर नव्या भारतीय इस्त्रीपेक्षा जड आणि महाग पडतो, म्हणून ती देऊ नये. आवर्तनांवर चालणारे घड्याळ आणि केवळ ६० हर्ट्झचा फ्रिज यांना घरगुती खर्चात बसणारी जोड नाही. ती तांब्या-लोखंडाच्या भावाने भंगारवाल्याकडे जावीत, आणि भंगारवाल्याला ती चालती म्हणून सांगू नयेत.